विलीनीकरण : जनमत कौलापासून पक्षांतरापर्यंत

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टावर चौक हे सभा, धरणे आणि प्रचाराचे ठिकाण. अशा चौकांत मतदार पक्षाला ऐकतो आणि मग मत देतो. परंतु निवडून दिलेला आमदार पुढे पक्ष बदलतो, तेव्हा मतदाराला पुन्हा विचारले जाते काय? पक्षांवरील लोकविश्वासाची खरी कसोटी येथे लागते.

मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशात काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथ सरकार कोसळले. राजीनाम्यांमुळे जागा रिक्त झाल्या, त्यामुळे नवा पक्ष स्वीकारलेल्यांना मतदारांपुढे जाणे भाग पडले. नोव्हेंबरमध्ये त्या जागांसह एकूण २८ ठिकाणी पोटनिवडणूक झाली. भाजपला १९, तर काँग्रेसला ९ जागा मिळाल्या. उज्जैन-इंदूर मार्गावरील सांवेरमध्ये तुलसी सिलावट भाजपतर्फे विजयी झाले; डबऱ्यात मंत्री इमरती देवी पराभूत झाल्या. निकाल कोणताही असो, तो मतदारांनी दिला.

गोव्यातील पक्षांतरे वेगळ्या वाटेने झाली. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्ष सोडणारा आमदार अपात्र ठरतो; मात्र विधिमंडळ पक्षाच्या दोन-तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरणास संमती दिल्यास त्यांना संरक्षण मिळते. एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेली सवलत २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने रद्द केली. विलीनीकरणाची तरतूद कायम राहिली. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी, तर सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. दुसऱ्या प्रसंगाआधी, जानेवारी २०२२ मध्ये, काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिर, चर्च आणि दर्ग्यात पक्षनिष्ठेची शपथ घेतली होती. दोन्ही वेळा पोटनिवडणूक झाली नाही. २०१९ च्या दहा जणांचा हिशेब मतदारांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये मांडला. त्यांपैकी केवळ तिघे पुन्हा निवडून आले.

‘विलीनीकरण’ हा शब्द गोमंतकीयांना नवा नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश राहावा, हा प्रश्न १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात थेट जनतेपुढे ठेवण्यात आला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून दयानंद बांदोडकर यांचे मंत्रिमंडळ आधी पायउतार झाले. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१, तर विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा सत्ता दिली.

पक्षाची मुख्य मागणी अमान्य करूनही लोकांनी त्याच्यावरील विश्वास काढून घेतला नाही. त्या विलीनीकरणाचा निर्णय तीन लाखांहून अधिक मतदारांनी केला. २०२२ च्या विलीनीकरणास आठ आमदारांची संमती पुरली.