पोल्गसदूव बेट आणि तिथले रोडिया महाथेर

श्रीलंकेला जाणारी आपली माणसे अनुराधपूरचा बोधिवृक्ष आणि कँडीचा दंतधातू यांचे दर्शन घेऊन परत येतात. आम्ही नऊ जणही त्यासाठीच गेलो होतो. परंतु दोडंदूव गावाजवळच्या एका बेटाविषयी आम्ही थोडेफार वाचले होते, म्हणून मुक्काम एक दिवस वाढवला. वाढीव खर्चावरून सोबत्यांनी कुरकुर केली, हे लपवत नाही.

कोलंबोच्या फोर्ट स्टेशनवरून गालकडे जाणारी गाडी समुद्राला अगदी खेटून धावते. वाटेत पेरालिया लागते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटेने इथेच भरलेली आगगाडी उलथवली आणि हजारावर माणसे गेली. त्यापुढे हिक्कडूव, आणि मग दोडंदूव. समुद्राला चिंचोळ्या मुखाने जोडलेले रत्गमचे मोठे खारे पाणी आहे. आपल्याकडे त्याला खाडीच म्हणतील. त्यात झाडांनी गच्च भरलेले बेट ते पोल्गसदूव. सिंहली भाषेत ‘पोल्गस’ म्हणजे नारळाची झाडे, ‘दूव’ म्हणजे बेट. तिथे जायला होडीशिवाय मार्ग नाही. आधी विचारून जावे आणि मोठ्याने बोलू नये. दाट झाडीत भिक्खूंच्या कुट्या एकमेकींपासून लांब लांब, मध्येच एखादी भली मोठी घोरपड शांतपणे वाट ओलांडते. आमच्यातला एक जण तिला मगर समजून मागे पळाला!

या आश्रमाचे संस्थापक भदंत ज्ञानतिलोक (पालीत ञाणतिलोक) मूळचे जर्मन. जन्म १८७८ चा, घरचे नाव आंटोन ग्युएट, पेशा व्हायोलिन वादकाचा. व्हायोलिन वाजवून प्रवासाचे पैसे जमवत हा माणूस मुंबईला उतरला, तिथून सिंहलद्वीपाला आणि पुढे ब्रह्मदेशात गेला. १९०३ मध्ये तिथे श्रामणेर होऊन १९०४ मध्ये त्यांनी उपसंपदा घेतली. १९११ च्या वर्षावासात ते काही भिक्खूंसह या बेटावर राहायला आले. तेव्हा इथे जंगल आणि साप. गावकऱ्यांच्या मदतीने लाकडी कुट्या उभ्या राहिल्या, आणि १९१४ मध्ये बर्जिये नावाच्या स्विस उपासकाने हे बेट त्यांच्यासाठी विकत घेतले.

त्याच वर्षी महायुद्ध पेटले. इंग्रज सरकारने जर्मन म्हणून त्यांना धरले, पुढे ऑस्ट्रेलियात नेले. चीन, जपान असे फिरून ते १९२६ मध्ये परतले तर बेटावर पुन्हा रान माजलेले. दुसऱ्या युद्धात पुन्हा कैद झाली, ती आपल्या देहरादूनच्या छावणीत. तिथेही त्यांचे बौद्ध शब्दकोशाचे काम चालूच होते. १९४६ मध्ये सुटून ते परत आले.

पण आम्ही जे बघायला गेलो होतो ते वेगळेच.

सिंहल देश बौद्ध, म्हणून तिथे जात नसेल, असे आम्हांला वर्षानुवर्षे वाटत होते. ते खरे नाही. १७५३ मध्ये सयामहून उपाली थेर आले आणि खंडित झालेली उपसंपदा पुन्हा सुरू झाली, आणि अवघ्या अकरा वर्षांत राजाज्ञेने ती फक्त गोयिगम या वरच्या जातीपुरती राखून ठेवली! बाकीच्यांना ब्रह्मदेशात जावे लागले. त्यातून १८०३ च्या सुमारास अमरपूर निकाय उभा राहिला, तोही याच किनाऱ्यावर, बलपिटियाला.

आणि या सगळ्यांच्या खाली रोडिया. कँडीच्या राजांच्या काळात त्यांनी भीक मागायची. विहिरीचे पाणी काढायचे नाही, गावात शिरायचे नाही, शेती करायची नाही, अंगाचा वरचा भाग झाकायचा नाही. आणि तरीच्या होडीत बसायचे नाही. हे वाचताना आम्हांला काही नवीन वाटले नाही. आमच्या आजोबांनी हेच सांगितले होते, फक्त गावाचे नाव वेगळे.

१९१३ मध्ये ज्ञानतिलोक कँडीच्या पश्चिमेला कडुगन्नावकडच्या रोडिया वस्त्यांत जाऊ लागले. म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी चौदा वर्षे. काही रोडिया बेटावर येऊन राहिले, शिकू लागले. त्यांच्या मुखियाच्या मुलाला ज्ञानतिलोकांनी श्रामणेर केले आणि नाव ठेवले ज्ञानालोक. बेटावर सारे एका मानाने वागतात म्हणून बाहेरच्या लोकांनी नावे ठेवली. ज्ञानतिलोकांनी ते स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांची उपसंपदा ब्रह्मदेशातली, म्हणून कँडीची जुनी राजाज्ञा त्यांना अडवू शकली नसावी, असे आम्हांस वाटते.

२८ मे १९५७ रोजी ज्ञानतिलोक गेले आणि या आश्रमाचे प्रमुख झाले ज्ञानालोक महाथेर. ज्याच्या बापजाद्यांना तरीत बसू देत नव्हते, तो होडीनेच जाता येणाऱ्या बेटाचा प्रमुख!

तथागतांनी उपाली न्हाव्याला शाक्य कुमारांच्या आधी प्रव्रज्या दिली, ती कुमारांनी त्याला वंदन करावे म्हणून, ही कथा आपल्या पोरांनाही पाठ आहे. संघात वय, कुळ बघत नाहीत, वर्षावास मोजतात. १९४९ मध्ये दोन शिकलेले इंग्रज, ञाणमोली आणि ञाणवीर, याच बेटावर श्रामणेर झाले. लंकेतले इंग्रजांचे राज्य जाऊन एकच वर्ष झाले होते. विनयाप्रमाणे त्या दोघांना या रोडिया थेरांपुढे वाकणे भाग होते. ञाणमोलींनी तिथे राहून विसुद्धिमग्गाचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९५६ मध्ये छापले गेले. १९५० मध्ये बाबासाहेब कोलंबोला आले, तेव्हा त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध व्हा असे आवाहन केले होते.

(शेजारच्याच परप्पदूव बेटावर १९८४ मध्ये अय्या खेमा यांनी साधक स्त्रियांसाठी आश्रम काढला. महिला मंडळाच्या भगिनींनी त्यावर पुढच्या अंकात लिहावे.)

परतीच्या होडीत कोणी फार बोलले नाही. आमच्या मनात मात्र आपल्याच विहारातली एक वही घोळत होती. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे श्रामणेर शिबिर झाले. त्यात नव्याने दीक्षा घेतलेल्या एका घरातला मुलगा होता. मूळची जात आपल्यापेक्षा वेगळी. त्याच्या आईने भोजनदानाच्या यादीत नाव द्यायला सांगितले. बैठकीत कोणीतरी हळूच म्हणाले, “त्यांच्या घरचं आपली माणसं खातील का? उगा वाद नको.” ठराव झाला नाही, विरोधही झाला नाही. वही आमच्या हातात होती. आम्ही त्या बाईंच्या नावापुढे ‘पुढील वर्षी’ असे लिहिले. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत, मुलगाही आला नाही. बावीस प्रतिज्ञा त्या शिबिरात आम्हीच मोठ्याने म्हणवून घेतल्या होत्या.

सहलीहून आल्यावर वही काढून पाहिली. अक्षर आमचेच आहे. त्या घरी गेलो तर चाळ पाडून तिथे टॉवरचे काम चाललेले, आणि ते कुटुंब कुठे गेले हे शेजारपाजारच्यांना ठाऊक नाही. येत्या वर्षावासाच्या भोजनदानाच्या यादीत पहिले नाव त्या माउलीचे राहील, असे कमिटीने ठरवले आहे. तो मुलगा आता तिशीचा असेल. ज्या कोणाला त्यांचा पत्ता माहीत असेल त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात येऊन सांगावे, किंवा आम्हांला घेऊन तिथे चलावे.