शपथ कोणाची पाळायची?

श्रोतेहो, तिरोडा म्हटले की आपल्याला गोंदिया जिल्ह्यातले, धानाच्या बांध्यांमधले, नागपूर-हावडा लोहमार्गावरचे गाव आठवते. पण ह्याच नावाचे दुसरे एक गाव कोकणात, सावंतवाडी तालुक्यात आहे. त्या तिरोड्यात १९०६ साली जगन्नाथराव भोसले जन्मले. आझाद हिंद सेनेचे हे सेनानी. आज त्यांच्या निमित्ताने एका अवघड प्रश्नाचा विचार करू. शिपायाने घेतलेली शपथ आणि त्याचा देश ह्यांची फारकत झाली, तर त्याने काय करावे?

आधी हॉलंडचे पाहा. १९४० च्या मे महिन्यात जर्मनीने तो चिमुकला देश अवघ्या पाच दिवसांत नमवला. फौज मोडली, पण तिथले कित्येक अधिकारी गुप्तपणे संघटित झाले. ‘ऑर्डेडीन्स्ट’ ह्या त्यांच्या संघटनेचे नेतृत्व पुढे पीटर याकोब सिक्स ह्या अधिकाऱ्याने केले. अनेकांना जर्मनांनी गोळ्या घातल्या. युद्ध संपल्यावर सिक्सला हॉलंडने शौर्याचा आपला सर्वोच्च मान दिला. ह्या माणसांचा मार्ग जिवावरचा होता खरा. पण मनात पेच नव्हता. शपथ आपल्या राणीची, देशही आपलाच.

आपल्याकडच्या अधिकाऱ्याचे तसे नव्हते. देश हिंदुस्थान आणि शपथ इंग्लंडच्या राजाची! जगन्नाथराव डेहराडूनच्या लष्करी विद्यालयात आणि मग इंग्लंडात सँडहर्स्टला शिकून १९२८ मध्ये अधिकारी झाले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती सापडले. त्यांत जगन्नाथरावही होते. कैद्यांपुढे आझाद हिंद सेनेत येण्याचा प्रस्ताव आला. कोणी आनंदाने गेले, कोणी साफ नाही म्हणाले.

जपान काही धर्मराज नव्हता, हे सेनेतल्यांनाही कळत होते. सेनेचे पहिले प्रमुख मोहनसिंग ह्यांचे जपान्यांशी बिनसले आणि १९४२ च्या डिसेंबरात त्यांना अटक झाली. सेना मोडकळीस आली. तिची घडी पुन्हा बसवणाऱ्यांत जगन्नाथराव पुढे होते. १९४३ च्या जुलैत नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापुरास आले, २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकार स्थापन झाले, आणि त्या मंत्रिमंडळात जगन्नाथरावांना स्थान मिळाले.

आता दुसरा मराठी अधिकारी पाहा. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. जन्मसाल तेच, १९०६. शिक्षण तेच, सँडहर्स्टचे. ते मात्र आपल्या पलटणीबरोबर राहिले. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या कांगॉ येथे जपान्यांशी घनघोर लढाई झाली. तिथल्या पराक्रमाबद्दल त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा मान मिळाला. म्हणजे एकाच वयाचे, एकाच शाळेचे दोन मराठे एकाच युद्धात दोन बाजूंना!

ह्यांतला देशभक्त कोण, असे कोणी विचारील. १९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लाँ ह्यांच्यावर खटला चालला, तेव्हा भुलाभाई देसाई ह्यांनी ह्या प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. गुलाम राष्ट्राला स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, आणि अशा युद्धातला सैनिक हा गुन्हेगार नव्हे, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले. पण लोकक्षोभ एवढा की सेनापतींनी जन्मठेप माफ केली.

स्वतंत्र भारताने ह्या दोघांचाही उपयोग करून घेतला. थोरात पुढे पूर्व विभागाचे सेनापती झाले. जगन्नाथराव १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. १९५४ मध्ये त्यांनी दिल्लीत निर्वासितांच्या मुलांसाठी ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ सुरू केली. घरदार गमावलेल्या पोरांना कवायत, व्यायाम आणि देशप्रेमाचे धडे! ती योजना पुढे देशभरच्या शाळांत गेली. १९६३ साली जगन्नाथराव वारले.

पण साध्या शिपायाचे काय झाले? आझाद हिंद सेनेतल्या सैनिकांना स्वतंत्र भारताच्या फौजेत परत घेतले नाही. शपथ मोडलेला शिपाई पुन्हा रांगेत आला तर शिस्त कशी राहील, ही अडचण. स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तिवेतनाची केंद्राची योजना आली ती १९७२ साली. तोवर पंचवीस वर्षे उलटली होती. कित्येक जण वाट पाहतापाहताच गेले असतील.

गुरुजनहो, वर्गात हा इतिहास सांगताना एकाला शूर आणि दुसऱ्याला फितूर ठरवून मोकळे होऊ नका. मुलांना असे विचारा, की शपथ घेताना ती कोणाच्या नावाने घ्यायची, हे ठरवण्याचा हक्कच ज्याला नव्हता, त्याने काय करायला हवे होते? मुले वेगवेगळी उत्तरे देतील. देऊ द्या. आज आपला जवान भारताच्या राज्यघटनेची शपथ घेतो. देश आणि शपथ ह्यांची अशी गाठ पडायला केवढी किंमत मोजावी लागली, हे त्या उत्तरांतूनच त्यांना उमगेल.