वृद्ध मांजरांमधील हालचालीचे विकार

साधारणतः दहा वर्षांवरील मांजरांना चालणे, उडी मारणे किंवा बसल्या जागेवरून उठणे कठीण करणाऱ्या विकारांना वृद्ध मांजरांमधील हालचालीचे विकार म्हणतात. त्यांचे मूळ सांधे, स्नायू, चेतातंतू वा रक्तवाहिन्यांत असते. वार्धक्य हा स्वतः रोग नव्हे. तरीही मंदावलेली हालचाल वयाच्या खात्यावर टाकली जाते आणि उपचारास विलंब होतो. पशुवैद्याकडे केव्हा न्यावे, हे ठरवताना बदल किती वेगाने झाला हे सर्वप्रथम पाहावे लागते.

हळूहळू होणारा बदल

सांध्यांची झीज, म्हणजेच अस्थिसंधिवात, हे सर्वांत सामान्य कारण होय. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका क्ष-किरण पाहणीत बारा वर्षांवरील सुमारे ९० टक्के मांजरांत अशा झिजेच्या खुणा आढळल्या. झीज बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असल्याने मांजर कुत्र्याप्रमाणे उघडपणे लंगडत नाही. ते केवळ हालचाल कमी करते. एका झेपेत ओट्यावर चढणारे मांजर आधी स्टुलावर चढू लागते. पाठीवरचे केस चाटले न गेल्याने गुंततात, नखे वाढतात, मातीच्या ट्रेबाहेर घाण होते, कमरेला हात लागताच ते गुरगुरते. ओट्यावरच्या मासळीकडे मांजर फिरकेनासे झाले की घरात समाधान मानले जाते. वास्तविक ते दुखण्याचे पहिले चिन्ह असू शकते.

असा बदल एक-दोन आठवडे टिकल्यास तपासणीची वेळ घ्यावी. वजन घटणे किंवा तहान वाढणे यांची जोड असल्यास तितकेही थांबू नये. मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालणे हे मधुमेहाचे, तर मान छातीकडे झुकणे हे रक्तातील पोटॅशियम घटल्याचे लक्षण असू शकते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात पोटॅशियम अनेकदा घटते.

अचानक होणारा बदल

मागचे पाय एकाएकी लुळे पडणे ही आणीबाणी होय. हृदयविकारात तयार झालेली रक्ताची गुठळी महारोहिणीच्या टोकाशी अडकली की पाय गार पडतात, पंजाच्या गाद्या फिक्या वा निळसर होतात आणि मांजर वेदनेने ओरडते. येथे सकाळची वाट पाहणे घातक ठरते. उंचावरून पडलेल्या मांजराचेही तसेच. वडाळ्यासारख्या जुन्या, उघड्या गॅलऱ्यांच्या इमारती असलेल्या वस्तीत हा धोका नेहमीचा आहे. पडल्यावर मांजर चालू लागले तरी फुप्फुसाला वा मूत्राशयाला झालेली इजा बाहेरून दिसत नाही. पाय जमिनीला न टेकणे, उघड्या तोंडाने श्वास घेणे किंवा दिवसभर अन्न न घेणे यांतही त्याच दिवशी तपासणी आवश्यक ठरते.

घरगुती औषधांचा धोका

माणसांची वेदनाशामके मांजराला कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलचे विघटन करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात अत्यल्प असते. अर्धी गोळीही प्राणघातक ठरू शकते. आयबुप्रोफेनने मूत्रपिंड निकामी होऊ शकते. गोळी आधीच दिली गेली असल्यास पशुवैद्यापासून ती लपवू नये, कारण उपचाराची दिशा त्यावरच ठरते.

तपासणी

वडाळ्याच्या शेजारी परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय असून त्याच परिसरात बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे. दवाखान्यात भेदरलेले मांजर आपले दुखणे लपवते किंवा हलतच नाही. म्हणून ते घरी चालताना, जिना उतरताना व उडी मारताना मोबाइलवर केलेले चित्रीकरण सोबत नेल्यास निदानास मोठी मदत होते. मांजराला हातांत धरून रिक्षातून वा टॅक्सीतून न नेता बंद पिंजऱ्यातून न्यावे. पशुवैद्य सांधे चाचपतात, मागच्या पायांची नाडी पाहतात आणि गरजेनुसार क्ष-किरण चित्र काढतात. दीर्घकाळ वेदनाशामक देण्यापूर्वी रक्त व लघवी तपासून मूत्रपिंडाची स्थिती पाहिली जाते, कारण या वयात संधिवात आणि मूत्रपिंडाचा विकार पुष्कळदा एकत्रच आढळतात.