उलट्या दिशेने टाकलेला गिअर : कॉर्व्हेट, कुर्ला आणि तिसरे पेडल

१/ माकणीला निम्न तेरणा धरणाच्या वाटेवर ज्यांनी जीप किंवा ट्रॅक्टरवर हात बसवला, त्यांना ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. जगात अशीही माणसे आहेत, जी उत्तम चालणारी ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार उघडतात, तिचा गिअरबॉक्स काढून टाकतात आणि त्या जागी क्लच व हाताने टाकायचा गिअर बसवतात. आपल्याकडे क्लच हा नाइलाज; त्यांच्याकडे तो हौसेचा भाग. या उफराट्या हौसेचा इतिहास पाहू.

२/ जानेवारी १९५३. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने शेवरोलेची ‘कॉर्व्हेट’ प्रदर्शनात मांडली. काचतंतूची काया, दोन आसने, देखणे रूप. आत मात्र सहा सिलिंडरचे जुन्या वळणाचे इंजिन आणि ‘पॉवरग्लाइड’ नावाचा दोनच गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हाताचा गिअर मागूनही मिळत नसे.

३/ पहिल्या वर्षी ३०० गाड्या झाल्या. १९५४ साली ३,६४० झाल्या आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश विकल्याच गेल्या नाहीत. गाडी बंद करण्याचा विचार सुरू झाला. त्यातच फोर्डची थंडरबर्ड आली; तिच्यात हवा तो गिअर निवडता येत होता.

४/ येथे एका स्थलांतरित अभियंत्याचा प्रवेश होतो. झोरा आर्कस-डंटोव्ह ब्रसेल्समध्ये जन्मलेला, लेनिनग्राडमध्ये वाढलेला, बर्लिनमध्ये शिकलेला. त्या प्रदर्शनात कॉर्व्हेट पाहून तो भारावला आणि त्याच वर्षी जनरल मोटर्समध्ये रुजू झाला. १९५४च्या शरदात त्याने वरिष्ठांना लिहिले की, आता माघार घेतली तर ती पराभवाची कबुली ठरेल. १९५५ साली व्ही-८ इंजिन आले. वर्षअखेरीच्या मोजक्या गाड्यांत तीन गतींचा हाताचा गिअरही आला. १९५६ला तोच मूळ गिअर ठरला आणि पॉवरग्लाइड जादा पैसे देऊन घ्यायची वस्तू झाली. १९५७च्या वसंतात चार गतींचा गिअरबॉक्स आला. म्हणजे ऑटोमॅटिकची मॅन्युअल करण्याचे हे काम सर्वांत आधी कारखान्यानेच केले, आणि गाडी वाचली. (व्ही-८चा वाटा गिअरपेक्षा मोठा होता, असे माझे मत. पण ते इंजिन दोन गतींत कोंडून ठेवले असते, तर त्याचा उपयोग किती झाला असता?)

५/ पुढे १९८२ साली कंपनीने उलटी उडी मारली. त्या वर्षीच्या २५,४०७ कॉर्व्हेटपैकी एकाही गाडीत क्लच नव्हता. आज जे लोक या जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स बदलतात, त्यांना या वर्षीच्या गाड्या हमखास भेटतात. तिकडे इंग्लंडात जग्वारने १९६६ साली ई-टाइपची चार आसनी आवृत्ती काढली. तिचा पाया ९ इंचांनी लांबवला होता आणि तीत प्रथमच ऑटोमॅटिक मिळू लागली. तिच्याही वाट्याला पुढे हेच आले.

६/ काम नेमके कसले असते? ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो जातो, आणि त्याला धरणारी पातळ पत्र्याची चकतीही जाते. तिच्या जागी जड फ्लायव्हील येते. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि क्रँकशाफ्टच्या टोकात एक छोटे बेअरिंग येते. हे बेअरिंग विसरले, तर सगळे पुन्हा उतरवावे लागते. मग पायाशी तिसरे पेडल, गाडीच्या पोटात गिअरच्या दांड्यासाठी भोक, नवा गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी आणि बहुधा वेगळ्या लांबीचा प्रोपेलर शाफ्ट. शेवटी वायरिंग : ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊ नये म्हणून एक स्विच असतो, तो नीट जोडला नाही, तर एवढा खटाटोप करून गाडी सुरूच होत नाही.

७/ आता आपल्याकडे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. सरकारने देशांतर्गत उत्पादनाचा आग्रह धरल्यावर १९५४ साली तो बंद झाला. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत कॉर्व्हेटचा जीव टांगणीला लागला होता. मैदान राहिले सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सला. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली, आणि तिचीच पुढे ‘पद्मिनी’ झाली.

८/ पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे गाडी पुरती थांबल्याखेरीज तो टाकला की दात खरडल्याचा आवाज ठरलेला. जुन्या टॅक्सीत बसलेल्यांच्या कानांत तो अजून असेल. ऑटोमॅटिक नव्हतीच, म्हणून आपल्याकडची हौस वेगळी निघाली : स्टिअरिंगवरचा गिअर खाली जमिनीवर आणायचा. १९८५च्या ‘११८ एनई’मध्ये प्रीमियरने निसानचे इंजिन आणि गिअरबॉक्स वापरले होते. शेवटच्या वर्षांत पद्मिनीलाही निसानचा जमिनीवरचा गिअर मिळाला. गॅरेजवाले जे आधीपासून करत होते, ते कारखान्याने फार उशिरा केले.

९/ कायद्याची बाजू रूक्ष, पण टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ वर्णनाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. पाना हाती घेण्याआधी आरटीओत विचारलेले बरे.

१०/ २०१४ साली मारुतीने सेलेरिओत उलटाच प्रयोग केला : साधा हाताचा गिअरबॉक्स तसाच ठेवला आणि क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम यंत्राकडे सोपवले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांची मुदत भरल्याने रस्त्यावरून उतरली. आणि डंटोव्हची कॉर्व्हेट? २०२०च्या नव्या पिढीत तिचे इंजिन मागे गेले. तसे इंजिन मागे नेण्याचा हट्ट डंटोव्हने नोकरीभर धरला होता. त्या गाडीत क्लचचे पेडल नाही.