पोटातलं चेहऱ्यावर

अंगावर गांधी उठल्या की आपण म्हणतो, "पित्त उठलं". तक्रार कातडीची, पण नाव पोटाचं! आजी त्यावर आमसुलाचं पाणी चोळणार आणि वर विचारणार, "काय अरबट-चरबट खाल्लंस?" म्हणजे पोटाचं आणि त्वचेचं काहीतरी साटंलोटं आहे, हे आपल्या भाषेने केव्हाच गृहीत धरलंय. गंमत म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही हे एकदा मनापासून मानलं, मग टाकून दिलं, आणि आता पुन्हा उचललंय. आजकाल पिंपल्सवर उपाय म्हणून प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूल विकल्या जातात. त्या घेण्याआधी ही सव्वाशे वर्षांची गोष्ट वाचायला हरकत नाही.

सुरुवात पॅरिसमध्ये. १८८७ साली शार्ल बुशार या डॉक्टरने सिद्धांत मांडला की आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विष तयार होतं आणि ते रक्तात जाऊन माणूस आजारी पडतो. मग पाश्चर इन्स्टिट्यूटमधले एली मेचनिकॉफ आले. १९०८ चं नोबेल मिळालेला माणूस, त्यामुळे शब्दाला वजन. त्यांचं म्हणणं, मोठ्या आतड्यातले जंतू आपल्याला अकाली म्हातारं करतात. उपाय म्हणून आंबवलेलं दूध प्या. इथपर्यंत ठीक होतं. दही खाऊन कोणाचं काय बिघडणार?

पण लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले सर्जन सर आर्बथनॉट लेन तिथे थांबले नाहीत. हाताला विलक्षण सफाई असलेला हा माणूस. बद्धकोष्ठाच्या रुग्णांची कातडी काळवंडते, मळकट दिसते, असं त्यांचं निरीक्षण होतं. कारण काय? आतड्यातलं विष. मग विषाचं कोठारच काढून टाकू! असं म्हणून त्यांनी निव्वळ बद्धकोष्ठासाठी लोकांची मोठी आतडी कापून काढायला सुरुवात केली. त्यात काही रुग्ण दगावले. १९१३ साली रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये यावर मोठी चर्चा झाली आणि लेन यांच्यावर सडकून टीकाही झाली.

या सिद्धांताला सुरुंग लावला तो एका साध्या प्रश्नाने. १९१९ साली अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझ यांनी विचारलं, की बद्धकोष्ठाची डोकेदुखी, मरगळ पोट साफ झाल्याबरोबर जाते, ती कशी? रक्तात विष भिनलं असेल तर उतरायला वेळ नको का लागायला? दारूची तरी लगेच कुठे उतरते! पुढे १९२२ मध्ये डोनाल्डसन नावाच्या संशोधकाने निरोगी माणसांच्या गुदाशयात चक्क कापूस भरून पाहिला. लक्षणं तीच! कापसात कुठलं आलंय विष? त्रास होता तो नुसत्या दाबाचा.

झालं. 'आतड्यातलं विष' हे प्रकरण भोंदूगिरीत जमा झालं.

अशा वातावरणात १९३० साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले दोन त्वचारोगतज्ज्ञ, जॉन स्टोक्स आणि डोनाल्ड पिल्सबरी, यांनी एक निबंध लिहिला. चिंता, ताण यांमुळे आतड्यातल्या जंतूंचा समतोल बदलतो, आतड्याचं अस्तर झिरपायला लागतं आणि त्यातून उठलेला दाह त्वचेवर दिसतो, असा त्यांचा तर्क. उपाय काय, तर अ‍ॅसिडोफिलस जंतू घातलेलं दूध आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल. डेडलाइनच्या आठवड्यात नेमका नाकावर पिंपल येणाऱ्या आपल्या पिढीला हे वाचून "अगदी अगदी!" असं वाटेल. पण तेव्हा आतड्यातले बहुसंख्य जंतू प्रयोगशाळेत वाढवताच येत नव्हते, मग तपासणार कसं? निबंध कित्येक दशकं धूळ खात पडला.

मधल्या काळात १९६१ साली रॉबर्ट सायव्हर यांनी ३०० रुग्णांना लॅक्टोबॅसिलसच्या गोळ्या दिल्या आणि त्यांतल्या ८० टक्क्यांना पिंपल्समध्ये थोडाफार फरक पडल्याचं नोंदवलं. आकडा छान आहे. पण गोळी न घेतलेला गट तुलनेला नव्हताच. आणि पिंपल्स तर आपले आपणही कमी होतात!

खरी खळबळ उडाली २००१ मध्ये. फिनलंडमधल्या तुर्कू इथे, घरात अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेल्या गरोदर स्त्रियांना आणि पुढे त्यांच्या बाळांना प्रोबायोटिक दिलं. दोन वर्षांची होईपर्यंत २३ टक्के मुलांना एक्झिमा झाला. खोटं औषध मिळालेल्या गटात ४६ टक्के. म्हणजे थेट निम्मा! मात्र २००८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला तोच जंतू वापरून तसाच प्रयोग केला, तर फरक दिसला नाही. आणि एकदा झालेला एक्झिमा प्रोबायोटिकने बरा होतो का, यावर कॉक्रेनने २०१८ मध्ये ३९ चाचण्यांचा आढावा घेतला. निष्कर्ष, फार फरक पडत नसावा.

मग सगळं थोतांडच? तसंही नाही. १८८४ साली त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लुई ड्यूरिंग यांनी प्रचंड खाज आणि फोड येणाऱ्या एका त्वचारोगाचं वर्णन केलं होतं. १९६६ मध्ये इंग्लंडच्या जॅनेट मार्क्स आणि सहकाऱ्यांना त्या रुग्णांच्या आतड्याचं अस्तर बिघडलेलं सापडलं. दोषी होतं गव्हातलं ग्लूटेन. आहारातून ते कायमचं वगळलं की त्वचा सुधारते. इथे जंतूंचा संबंध नाही, पण आतड्यातली गडबड कातडीवर उमटते, हे पक्कं.

म्हणजे आजी अगदीच चुकीची नव्हती. संबंध आहे, पण कोणत्या रोगात, कोणत्या मार्गाने, हे एकेक करून शोधावं लागतं. लेन यांनी ते न शोधता सुरी चालवली, आणि त्यांना हसणाऱ्यांनी पुढे स्टोक्स-पिल्सबरींचा प्रश्नही अडगळीत टाकला. कॅप्सूलच्या जाहिरातीत "८० टक्के लोकांना फायदा" असं दिसलं, तर एवढंच विचारा: न घेणाऱ्या किती जणांना झाला?

असो. दहीभात खात राहा. चवीसाठी खायला पुराव्याची गरज नाही!