चित्रकर्त्या माधुरी पुरंदरे

मंडळाच्या कपाटात ‘चित्रवाचन’ नावाचे एक पुस्तक आहे. त्यात गोष्ट लिहिलेली नाही; चित्रे पाहून ती आपणच सांगावयाची. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. नातू पुस्तक घेऊन आला की त्या काहीतरी काम काढून उठत. हे पुस्तक मात्र दोघे तासभर घेऊन बसत, आणि एका चित्राच्या रोज निराळ्या गोष्टी होत.

ते काढणाऱ्या माधुरीताईंचा जन्म १९५२ चा. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत व नंतर फ्रान्समध्ये त्या शिकल्या. पुण्यात त्यांनी फ्रेंच शिकविले, पिकासोचे चरित्र लिहिले. त्यांच्या मातोश्री निर्मलाताई म्हणजे ‘वनस्थळी’च्या संस्थापिका, खेड्यांतील कितीतरी भगिनी त्यांच्यामुळे बालवाडी चालवू लागल्या.

‘राधाचं घर’मध्ये राजाराणी नाहीत, घरातलीच माणसे आहेत. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार माधुरीताईंना मिळाला. लेखनाचा गौरव झाला तो योग्यच. पण आमच्या घरी आधी चित्रेच पोचली.

मंडळाच्या प्रतीची पाने आता सुटू लागली आहेत. नेणाऱ्या भगिनींनी जपून हाताळावी.