काठवट आणि बडगी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि सनदा उभ्या राहतात. मला मात्र आज भगिनींपुढे दोन लाकडी भांड्यांचा इतिहास ठेवावयाचा आहे. आणि शेवटी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही द्यावयाची आहे.

खानदेशातील जुन्या स्वयंपाकघरात लाकडाचा मान मोठा. पीठ मळावयास काठवट, ताक घुसळावयास रवी, ढवळावयास चाटू, कांडावयास उखळ-मुसळ आणि भरीत ठेचावयास बडगी. काठवट व बडगी ही जोडकामाची भांडी नव्हेत. अखंड ओंडक्यातून ती कोरून काढीत. सुतार वाकसाने बाहेरचा घाट तासून घेई आणि पटाशीने आतला गाभा थोडाथोडा काढी. बडगीचा तळ जाड ठेवावा लागे, कारण ठेचण्याचा सारा मार त्यावर. लाकूड उन्हात एकदम वाळले तर तडकते, म्हणून ते सावलीत वाळवीत.

लाकूडच का, असे मुली विचारतात. ज्वारीचे किंवा कळण्याचे पीठ ऊन पाण्याने मळावे लागते. लाकूड ती ऊब धातूप्रमाणे चटकन ओढून घेत नाही. पऱ्हाट्या किंवा तुरकाठ्यांवर भाजलेली वांगी लोखंडात काळी पडतात, लाकडात पडत नाहीत. शिवाय कितीही ठेचा, भांडे खणखणत नाही!

ही भांडी घडविणारा सुतार गावचा बलुतेदार होता. शेतकऱ्याची औते तो वर्षभर नीट राखी आणि सुगीला खळ्यावर आपला धान्याचा वाटा घेई. पुढे काळ पालटला. 1878 च्या जंगल कायद्याने राखीव रानातील लाकडावर सरकारी बंधने आली. रोख पैशाचा व्यवहार वाढला आणि बलुते मोडत गेले. पितळ होतेच, मागून ॲल्युमिनियम आले, आणि स्टेनलेस स्टीलने तर सारी मांडणीच काबीज केली.

आता माझी कबुली. लग्नानंतर आईने मला तिची बडगी दिली होती. तळाला चीर गेली तेव्हा मी ती फोडून बंबात घातली. त्या वर्षी चंपाषष्ठीला आई आली आणि भरिताच्या वेळी म्हणाली, “बडगी काढ गं.” मी गप्प राहिले. तिने ओळखले. रागावली नाही, एवढेच म्हणाली, “तुझ्या आजीच्या अंगणातल्या निंबाची होती ती.” झाड गेले, घडविणारा गेला, आणि उरलेली खूण मी पाणी तापवावयास जाळली.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. पण ते ज्यात ठेचावयाचे, त्या बडगीची नोंद कोण ठेवणार? धुळ्याला 1927 साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने जुनी कागदपत्रे जतन केली. स्वयंपाकघराचा इतिहास कागदावर नाही. तो आपल्या माळ्यावर, धुळीत पडला आहे.

म्हणून भगिनींना विनंती, की घरी अशी वस्तू असेल तर ती कोणाच्या हातची, कोणत्या लाकडाची आणि कोणाकडून आली, हे वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावे. चीर गेली असली तरी टाकू नये. माझ्यासारखी उशिरा आठवण होण्यापेक्षा हे बरे.